तांड्यावरची वेगळी उपासना

माझे मिस्टर गेले, तेव्हा हिंगोलीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला पाळक उरला नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. वरून ज्यांना पाठवलं ते एक उन्हाळा काढून बदली मागून गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मिस्टर आजारी होते तेव्हा ते खाटेवरून उपदेश सांगायचे, मी तो लक्षात ठेवायचे आणि रविवारी उभी राहून बोलायचे. पाठवलेले पाळकही निघून गेल्यावर वरच्या कार्यालयातून निरोप आला, "दुसरी व्यवस्था होईतोवर बाईंनीच सांभाळावं." ती दुसरी व्यवस्था काही झाली नाही. पुढं सुट्ट्यांमध्ये अभ्यास करून मी परीक्षा दिल्या आणि डोक्यावर हात ठेवून मला पाळकपणाची दीक्षा मिळाली.

बाईच्या हातून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा हे आमच्याकडं सगळ्यांना पटलं होतं असं नाही. एक म्हातारे गृहस्थ मी पुढं उभी राहिले की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, आणि शेवटच्या गीताला परत आत यायचे. मंडळीचे सेक्रेटरी मात्र माझ्या बाजूनं उभे राहिले. ते तहसीलमध्ये कारकून होते, शब्दाला वजन होतं. मला नेमायच्या मीटिंगमध्ये त्यांनी हात वर केला म्हणून बाकीचे हात वर झाले. हे ते कधी बोलून दाखवत नसत. पण मला ते विसरता येत नव्हतं.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई मला सरकारी दवाखान्यात भेटली. आमच्या मंडळीतल्या एका आजींना बघायला मी रोज जात होते. शेजारच्या खाटेवर तिचा तरणा मुलगा होता, कावीळ पोटात उतरलेली. तिनं नुसतं डोक्यावरची ओढणी पुढं ओढून माझ्याकडं पाहिलं, म्हणून मी त्याच्यासाठीही प्रार्थना केली, आणि मग रोजच करत गेले. मुलगा वाचला नाही. मला वाटलं, आता ही परत दिसायची नाही. पण रविवारी ती औंढ्याच्या रस्त्यावरून जीपनं आली आणि दारात उभी राहिली.

"मी तर तुझ्या मुलासाठी काहीच करू शकले नाही," मी म्हणाले.

"तुमी रोज येत व्हत्या," ती म्हणाली. "दुसरं कोनीच आलं न्हाई."

मग तिच्यासोबत तिची जाऊ आली, दोन शेजारणी आल्या, नंतर त्यांचे नवरे आणि लेकरं. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणायचे. याडी म्हणजे त्यांच्या गोरमाटी बोलीत आई. ती माझ्याच वयाची होती. मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत आले आणि ती मला 'तुमी'. असं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आमच्यातल्या इतर बायकांना मी 'तुम्ही'च म्हणत होते.

त्या लोकांचा बाप्तिस्मा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात झाला. आता ते रीतसर मंडळीचे झाले होते, आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी बसायचं होतं. आमच्याकडं द्राक्षरसाचा एकच मोठा पेला असायचा. मनुके उकळून मी घरीच रस करायचे, आणि तो पेला हातोहात रांगेनं फिरायचा. त्या रविवारी याडी सेक्रेटरींच्या मिसेसच्या शेजारी बसली होती. आरशांच्या कांचळीवर तिनं पांढरं पातळ पांघरलं होतं, आमच्या बायका पांढरं नेसतात म्हणून. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला, घोट घेतला आणि शेजारी दिला. सेक्रेटरींच्या मिसेसनी तो ओठांपाशी नेला, क्षणभर धरला आणि न पिताच पुढं दिला. त्यांच्या पुढच्या बाईनंही तसंच केलं. तिच्या पुढच्या बाईनंही. मी समोर उभी होते, मला सगळं दिसत होतं. पेला परत माझ्या हातात आला तेव्हा जवळजवळ भरलेलाच होता.

मी पेला मेजावर ठेवला. आशीर्वाद दिला आणि उपासना संपवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस माझ्या घरी आले. चहा झाला. मग ते म्हणाले, "बाई, कोणाच्या मनात भेदभाव न्हाई बरं. प्रभूपुढं सगळे बराबर. पण त्या लोकांना आपला उपदेश कळत न्हाई. तुम्ही बोलून राहिल्या की त्या आपसात बोलून राहतात. लेकरं मधून पळतात. त्यांनाही तकलीफ, आपल्यालाही."

"मग काय करावं म्हणता?"

"त्यांची उपासना त्यांच्या तांड्यावर घ्या. दुपारी. त्यांच्या भाषेत होऊ द्या ना, त्यांनाही बरं वाटंल."

मी त्यांच्या मिसेसकडं पाहिलं. त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. "मला ठाऊक आहे बाई, तुम्ही काल बघितलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला गावात वरून पाणी ओतायचे. ती ओंजळ धरून प्यायची. हे मला कोणी सांगायला नको. पण माझं मनच झालं नाही. मी काय करू?"

त्यांचा मला राग यायला हवा होता. आला नाही. आमच्या सगळ्यांच्याच आज्या-पणज्या ओंजळीनं पाणी पिऊन गेलेल्या. त्याच पाण्यापायी आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले असं माझे वडील सांगायचे.

जाताना सेक्रेटरी दारात थांबले. "काही घरं म्हणून राहिलीत, बाईमाणूस आहे, मंडळी हातून निसटून राहिली. मी त्यांना गप्प केलंय. पण किती दिवस करणार?"

यात धमकी नव्हती, खरंच नव्हती. ते माझ्या काळजीपोटीच बोलले. आणि मला ते हवंही होतं, कुणीतरी मला बाहेर पडायची वाट दाखवलेली. दीक्षेला वर्षही झालं नव्हतं. मी हरले तर हिंगोलीत पुन्हा कधी कुणी बाईला पुढं उभं करणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते कारण खोटं नव्हतं. पण त्या कारणासाठी दुसऱ्या बायांना उंबऱ्याबाहेर बसवायचं होतं, हे मी मनात पुढं येऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात मी तांड्यावर गेले. लिंबाखाली सगळे गोळा झाले. मी म्हणाले, "तुमची भाषा वेगळी आहे, तुमची गाणी वेगळी आहेत. देवाला गोरमाटी कळत नाही का? आजपासून तुमची उपासना इथंच होणार, तुमच्या तांड्यावर. मी दर रविवारी दुपारी इथं येईन. तुम्हाला शहरात यायची गरज नाही."

याडीनं ते आपल्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "बाई, आमच्या दाराशी देव आनला तुमी," ती म्हणाली. परतताना जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या माणसानं काहीतरी विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

याची सगळीकडं वाहवा झाली. वरच्या कार्यालयातले एक साहेब दौऱ्यावर आले, तांड्यावर गेले, गोरमाटीतली गाणी ऐकून भारावले. पुढं नांदेडला पाळकांचं एक शिबिर झालं. वेगवेगळ्या जाती-जमातींची, भाषांची माणसं एका मंडळीत कशी सांभाळावी, हा विषय. मला बोलायला उभं केलं, पुरुष पाळकांच्या पुढं, एकटीच बाई. मी तांड्याबद्दल बोलले. प्रत्येकाला त्याच्या भाषेत मान द्यावा, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. जेवणाच्या वेळी दोघा-तिघांनी येऊन विचारलं, आमच्याकडंही असे लोक आहेत, तुम्ही नेमकं कसं केलं ते सांगा. मी सांगितलं. त्यांनी आपापल्या गावी जाऊन काय केलं असेल, हा विचार मला अजून छळतो.

माझ्या शाळेत एक बौद्ध शिक्षिका होत्या, मला थोरल्या बहिणीसारख्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं तांड्यावरच्या बाया यायच्या रविवारी. आता दिसत नाहीत."

"त्यांची उपासना वेगळी केली ताई. भाषेसाठी."

त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला. "आम्हालाही शाळेत वेगळं बसवायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही गुरुजी काहीतरी कारण सांगायचेच." आणि त्यांनी भाजी माझ्यापुढं सरकवली. आम्ही जेवलो. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि मी त्यांच्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलू शकले नाही.

तांड्यावरची उपासना मात्र वाढत गेली, आणि ती माझ्यामुळं वाढली असं म्हणता येणार नाही. सुरुवातीला मी दर रविवारी जायचे, मग महिन्यातून एकदा. मधल्या रविवारी याडीच चालवायची. तिला वाचता येत नव्हतं. मी सांगितलेली गोष्ट ती ऐकून घ्यायची आणि पुढं आपल्या पद्धतीनं सांगायची. कधी कधी त्यात बरंच काही घुसडायची. स्वभावानं तापट होती. उपासनेत कुणी तंबाखू मळली तर हात धरून उठवायची, आणि एका घराशी तिचा वर्षभर अबोला होता. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला जायचा. तेव्हा ती फडावरच्या कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या झोपड्यांत, रविवारी माणसं बसवायची. तिच्या दिरानं एकदा तांड्याच्या प्रमुखाकडं, नायकाकडं, तक्रार नेली की बाईमाणसानं पुढं पुढं करावं हे तांड्याला शोभत नाही. नायक हिंदू, देवीचा भक्त. त्यानं मला बोलावून विचारलं. मी म्हणाले, मीही बाईच आहे. तो हसला आणि म्हणाला, मग तुमचं तुमी बघा. होळीला ती सगळ्यांबरोबर फेर धरून गायची, पूजेच्या वेळी बाजूला उभी राहायची, आणि दोन्ही गोष्टी नायकाला आधी सांगून करायची. आमच्या सेक्रेटरींना ते आवडलं नव्हतं. मला आवडलं होतं.

हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. धरणावर मासे धरणारी भोयांची दोन घरं तांड्याजवळ राहायला आली आणि उपासनेला येऊन बसायला लागली. तांड्यातल्या माणसांना ते रुचलं नाही. अंगाला मासळीचा वास येतो, आपली भाषा त्यांना कळत नाही, त्यांनी त्यांच्या वस्तीवर बसावं. मी पोचले त्या दिवशी दोन सतरंज्या अंथरलेल्या होत्या, मधे चांगलं अंतर ठेवून. भोयांची लेकरं मागच्या सतरंजीवर आईला चिकटून बसली होती.

मी काही म्हणायच्या आत याडी उठली. तिनं मागची सतरंजी ओढत आणून पुढच्या सतरंजीला भिडवली. मग सगळ्यांना कळावं म्हणून ती मराठीतच बोलली.

"आपुन शहरात जात व्हतो तवा आपल्याला तरी कुठं कळत व्हतं? कळलं न्हाई म्हनून बाईला कोन इचारनार व्हतं? पन बाईनं आपली भाषा बघितली, आपला मान बघितला. शहरातली मोठी मानसं सोडून बाई आपल्या दाराशी आली. आपल्याला एवढा मान मिळाला. आता या लेकरांना आपुन मागं बसवायचं? मग बाईला आपुन तोंड कसं दावनार?"

माणसं सरकली. एका म्हातारीनं भोयाच्या पोरीला मांडीजवळ ओढून घेतलं. त्यानंतर मी काय उपदेश केला ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की याडी पुढं बसून माझ्याकडं अभिमानानं बघत होती आणि मला तिच्या नजरेला नजर देववत नव्हती.

पुढच्या भेटीत मी तिला सांगितलं. उपासना संपून सगळे पांगले होते. आम्ही दोघी तिच्या घरापुढं बाजेवर बसलो होतो, ती मुगाच्या शेंगा सोलत होती. मी त्या रविवारचा पेला सांगितला. तिच्यानंतर तो कुणी प्यायलं नाही हे सांगितलं. सोमवारी घरी झालेलं बोलणं सांगितलं.

तिचे हात थांबले. "म्हंजी भाषेचं?"

"ते नंतर सुचलं."

"त्या दिशी लिंबाखाली तुमी हसत हसत आल्या व्हत्या," ती म्हणाली. "पेढे आनले व्हते."

"हो."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "मग मी समद्यांना खोटं सांगत आले."

"तू नाही. मी खोटं सांगितलं."

"तोंड माझं व्हतं, बाई."

मी म्हणाले, "याडी, तुम्ही मला..." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणाले आणि ते इतकं उपरं वाटलं की मी वाक्य पुरं केलं नाही.

"येवढी वर्सं न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "आजच काहून सांगितलं?"

"मला राहवेना."

"तुमाला राहवंना," ती म्हणाली, आणि सुपातल्या शेंगा आत घेऊन गेली. मी थोडा वेळ बसले. ती बाहेर आली नाही.

घरी येताना मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. उलट लक्षात आलं की जे मी इतकी वर्षं सांभाळलं होतं ते मी तिच्या घरात नेऊन ठेवलं आणि मोकळी झाले. तिनं ते मागितलं नव्हतं. आपली चूक कबूल करावी, असं मी किती जणांना शिकवलं होतं. ती कबुली कुणाच्या अंगावर पडते, हे कधी शिकवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी तांड्यावर पोचले तेव्हा उपासना आधीच उरकली होती. "याडीनं सकाळीच घेतली," लोक म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. मग तांडा ऊसतोडीला गेला.

उन्हं तापायला लागली तसा तांडा परतला, आणि एका दुपारी याडी माझ्या घरी आली. एरवी ती ओसरीवरच बसायची. या वेळी सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली. पाणी प्यायली.

"मी तांड्यावर सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "लई येळा तोंडाशी आलं. फडावर तर रोज. पन सांगितलं तर काय व्हईल ते बघितलं म्या. समदे म्हनतील, शहरातल्यांनी आपल्याला उठवलं, मग आपुन भोयांना काहून बसवावं? ते आता कुठं बसायला लागले. त्यांची पोरगी गानं म्हनायला लागली."

"मग काय करायचं?"

"काई न्हाई. तुमी बी सांगू नका. कोनालाच न्हाई. आता हे माझ्याकडं राहू द्या."

मी म्हणाले, "मला माफ कर."

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, ते मला दिसत होतं. "करीन," ती म्हणाली. "पन आज न्हाई व्हनार." मग तिनं चहा मागितला, आणि तो घेऊन शेवटच्या जीपनं गेली.

आमच्या शहरातल्या मंडळीचं पुढं असं झालं की तरुण मुलं नोकरीसाठी पुण्याला, औरंगाबादला गेली. सेक्रेटरी मुलाकडं राहायला गेले. त्यांच्या मिसेस जायच्या आधी मला भेटायला आल्या, रडल्या, पण त्या पेल्याबद्दल बोलल्या नाहीत आणि मीही काढलं नाही. रविवारी बाकं रिकामी दिसायला लागली. नव्या कमिटीतल्या एकानं सुचवलं, "तांड्यावाल्यांना इकडंच बोलवा ना बाई. जागा आहे, मंडळी भरलेली दिसेल." मी तो निरोप याडीला दिला, लाजत दिला.

"बोलावलं म्हनून सांगा," ती म्हणाली. "येत न्हाईत म्हनून बी सांगा."

मी निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. तांड्यावरची उपासना चालू आहे, पत्र्याची शेड झाली आहे, भोयांची लेकरं मोठी झाली आहेत. मी अधूनमधून जाते आणि सगळ्यांत बसते. याडी माझी विचारपूस करते, जेवल्याशिवाय सोडत नाही. पण माझं नाव ती उपदेशात आता घेत नाही. एखादं नवं माणूस विचारतं, तांड्यावर ही उपासना सुरू कशी झाली? तेव्हा ती म्हणते, "लिंबाखाली जागा व्हती. बसलो." एवढंच. खोटं ती बोलत नाही.

विचारणारा माणूस मग माझ्याकडं बघतो, कारण मी सगळ्यांत जुनी. मी मान डोलावते. तिनं सांगितलं आहे तसं मी करते आहे, आणि तरी घरी परतेपर्यंत ती डोलावलेली मान माझ्या मनातून जात नाही.